मुंढ्यातली माया

“दुखत नाही, म्हणजे काळजीचं काही नाही. असंच ना, बाबा?”

सुकनाथबाबा मठाच्या ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

दिगंबर शिंप्यानं हाच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला होता. डाव्या काखेत, कातडीखाली, गाठ होती. दसऱ्याच्या सुमाराला अंघोळ करताना हाताला लागली आणि आता होळी तोंडावर आली. बायकोला त्यानं पत्ता लागू दिला नव्हता. टेकडी चढून मठात आला तोही काही विचारायला नव्हे. बाबांच्या तोंडून ‘काही नाही’ एवढंच त्याला ऐकायचं होतं, वर चिमूटभर अंगारा. तेवढं घेऊन तो गुपचूप घरी गेला असता.

“केवढी आहे?”

“हरभऱ्याएवढी.”

“दसऱ्याला केवढी होती?”

“...हरभऱ्याएवढीच.”

“अन् आता?”

“आता... जरा मोठा हरभरा.”

बाबांनी एक शेंग फोडली. “बोट लावलं की हलते?”

“नाही.”

“मऊ आहे?”

“नाही.”

“मग असला हरभरा मी तरी पाहिलेला नाही.”

पंचक्रोशीत या दिगंबरचा तोरा मोठा. गळ्यातला टेप नुसता दाखवायला. माणूस दारातून आत आला, की याचं नजरेनं माप घेऊन झालेलं. अर्ध्या इंचाची चूक दाखवा, दुकानाला कुलूप लावतो, म्हणायचा. आणि माया सोडावी तर यानंच. शिवणीच्या आत जे जादा कापड दुमडून ठेवतात, त्याला शिंपी माया म्हणतात. अंग भरलं, कपडा काचायला लागला, की शिवण उसवायची, मायेतलं कापड सोडायचं आणि पुन्हा शिवायचं. कपडा अंगाला येतो, बघणाऱ्याला काही कळत नाही.

“सगळ्या गावाचं माप नजरेनं घेतोस,” बाबा म्हणाले, “मग हिचंच कसं चुकतं रे?”

दिगंबरनं गळ्यातला टेप बोटाला गुंडाळला.

“दवाखान्यात दाखव. तालुक्याची गाडी दोनला खाली फाट्यावर येते.”

“दादानं दाखवली होती ना.” त्याचा आवाज चिरकला. “मानेला होती त्याच्या. सुरी लागली अन् तीन महिन्यांत खेळ आटोपला. सुरी लागली की गाठ पसरते, बाबा. सगळेच सांगतात.”

“दादा गेला कधी?”

“गेल्या शिमग्यात.”

“वारला ते नाही विचारत. डॉक्टरकडं कधी गेला?”

“...मान वळेनाशी झाली तेव्हा.”

“आणि गाठ आली कधी?”

दोन वर्षं आधी आली होती. दादाच्या सदऱ्याची कॉलर दिगंबरनं स्वतःच्या हातानं सैल करून दिली होती. दोनदा.

“ही तशी नसेल ना, बाबा?”

“असेल. नसेल. मला काय ठाऊक?”

“तुम्हाला ठाऊक नाही?”

“नाही.”

बारा वर्षं तो या ओट्याशी येऊन बसत होता. बाबांना ठाऊक नाही असं काही असेल, हे त्याच्या गावीही नव्हतं. इथं आधार मिळेल म्हणून तो आला होता, आणि इथंच पायाखालची जमीन सरकली.

“सदरा काढ,” बाबा म्हणाले.

दिगंबर इकडंतिकडं बघू लागला.

“नाव दिगंबर, आणि सदरा काढायला लाजतोस होय?”

त्यानं काढला. बाबांनी गाठीकडं पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी सदरा उलटा केला आणि डावा मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती जागा, मांडीवर पसरला. डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून शिवणीवरून नख फिरवत राहिले.

नख एका जागी अडलं.

“ही बारीक भोकं कसली?”

“जुन्या शिवणीची. उसवलं की राहतात ती.”

“ही ओळ कधीची?”

“दिवाळीतली.”

“ही?”

“संक्रांतीची.”

“अन् ही?”

“परवाची.”

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्याला ऐकू आलं. बाबांनी उजवा मुंढा त्याच्या पुढ्यात सरकवला. तिथं एकही भोक नव्हतं. नजरेनं चुकवलेलं माप त्याच्या हातांनी बरोबर घेतलं होतं, तीन वेळा, आणि मशीनवर बसलेल्या दिगंबरनं ते स्वतःला कळू दिलं नव्हतं.

“माया किती उरली?”

दिगंबरनं डावी शिवण चिमटीत धरायला पाहिलं. चिमटीत कापडच येईना.

“उरली नाही, बाबा...”

माळावर वारा सुटला होता, शेंगांची टरफलं ओट्यावरून घरंगळत होती. दिगंबरनं सदरा अंगात घातला. गुंडी काजात जाईना. सदरा उलटाच घातला गेला होता. शिवणी बाहेर, भोकं बाहेर. जन्मभर दुसऱ्यांचे कपडे नीट बसवणाऱ्या माणसाला त्याची शुद्ध नव्हती. बाबांच्या ते ध्यानात आलं, पण ते बोलले नाहीत.

“अंगारा नको मला,” तो म्हणाला. डोळ्यांना धार लागली होती. “भीती वाटते, बाबा. लई भीती वाटते. शिवायला बसलो तरी हात काखेतच जातो. माझी तेवढी भीती इथं ठेवून घ्या. मग जातो मी कुठंही.”

बाबांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं.

“ती मी ठेवून घेतली, तर दोनच्या गाडीत तुला बसवील कोण?”