आमळवनाची गवतमोजणी

आमळवन नावाचं एक जंगल होतं. कुठं होतं ते विचारू नका, मलाही बायकापोरं आहेत.

तिथं गवाराजाचं राज्य होतं. गवा गवत खातो, म्हणून प्रजेला वाटायचं, चला, हा आपल्यातलाच. होताच तो आपल्यातला. फक्त त्याचं कुरण वेगळं होतं: नदीकाठचं, गुडघाभर हिरवंगार, भोवती करवंदीचं काटेरी कुंपण.

जुना कायदा असा, की दर हिवाळा सरला की जंगलातलं गवत मोजायचं. आता सगळं जंगल कोण मोजत बसणार? म्हणून साळिंदरकाका आपल्याच अंगावरचे चार लांब काटे बांधून चौकट करायचे, डोळे मिटून गरागरा फिरायचे आणि चौकट भिरकावून द्यायचे. पडेल तिथलं गवत मोजायचं. असं दहादा. चौकटीमागे पाच घासांहून कमी गवत निघालं, तर राजाचं कुरण सगळ्यांना खुलं.

"डोळे उघडे असले की हात हिरव्याकडंच जातो," काका सांगायचे. "म्हणून मिटायचे."

त्या वर्षी पावसानं दगा दिला. टिकली नावाच्या चितळीला नुकतंच पाडस झालं होतं आणि तिचं दूध आटत चाललं होतं. पाडस ढुशा द्यायचं, लुचायचं आणि कोरड्या तोंडानं आईकडं बघायचं. टिकलीचा सगळा जीव मोजणीत अडकला होता.

काकांनी चौकट टाकली. आत एक दगड निघाला. दुसऱ्यांदा टाकली. दोन काड्या, त्याही गेल्या वर्षीच्या. तिसऱ्यांदा हात उचलला तोच प्रधान धावत आला. प्रधान म्हणजे उदाजी उदमांजर.

"थांबा! काका, एकट्यानं किती वर्षं डोळे मिटणार? हा मान आता प्रजेला मिळालाच पाहिजे. यापुढं डोळे प्रजा मिटेल. बघण्याचा त्रास सरकार सोसेल!"

टाळ्या पडल्या. काकांना शाल दिली, ती त्यांच्या काट्यांत अडकली आणि काका घरी बसले.

सोमवारी शिंग वाजलं. "मिटा डोळे, हिरवे सोहळे!" असा गजर करत अख्ख्या जंगलानं डोळे मिटले. उदाजीनं मोजलं. चौकटीमागे चाळीस घास!

राजा उंच खडकावर चढला. "माझ्या चार पायांच्या बांधवांनो! गवत मुबलक आहे. तरी काहींची पोटं रिकामी दिसतात. हा दोष गवताचा नव्हे, पोटांचा आहे!"

पोटांच्या चौकशीला समिती नेमली. जादा गवत शेजारच्या जंगलाला भेट गेलं. ज्याच्या बरगड्या लांबूनही मोजता याव्यात असा एक म्हातारा सांबर म्हणाला, "काही म्हणा, चारचौघांत नाव झालं हो आपलं!"

यश एवढं दांडगं, की मोजणी दर सोमवारी होऊ लागली.

दुसऱ्या सोमवारी टिकलीनं एक डोळा किलकिला केला. उदाजी चौकट टाकतच नव्हता मुळी. राजाच्या कुरणात बसून, ताटाभोवती महिरप मांडावी तशी दाट गवतावर अलगद ठेवत होता.

"अहो, उघडा डोळे! मेला कुरणात मोजतोय!"

एकानंही उघडले नाहीत. "टिकले, गप बस," सांबर मिटल्या डोळ्यांनी खेकसला. "डोळे उघडलेस? लाज नाही वाटत?"

खटला उभा राहिला. उदाजी म्हणाला, "हिनं पाहिलं ते उघड्या डोळ्यांनी, म्हणजे बेकायदा पाहिलं. मिटल्या डोळ्यांनी, कायदेशीर कोणी पाहिलं असेल तर त्यानं पुढं यावं."

कोणी आलं नाही. टिकलीला ताकीद मिळाली. पाडस आता उभं राहतानाही थरथरत होतं. तिला रडू फुटलं, आणि मग तिच्या डोक्यात लख्ख काहीतरी आलं.

तिसऱ्या सोमवारी शिंग वाजलं. प्रजेनं डोळे मिटले. कुरणाचे पहारेकरीही प्रजाच की, त्यांनीही मिटले. टिकली पाडसाला घेऊन राजरोस फाटकातून आत शिरली आणि उदाजीच्या चौकटीतलंच गवत खाऊ लागली. उदाजीनं चौकट सरकवली. तीही सरकली. त्यानं पुन्हा सरकवली, ती पुन्हा आत.

शेवटी उदाजीचा तोल सुटला. "ए, राजाच्या कुरणातून बाहेर हो! मी मोजू काय, दगड?"

आवाज जंगलभर घुमला. सगळ्यांनी ऐकला. टिकलीनं मान वर केली. तिला वाटलं, आता तरी उघडतील.

सांबराला गहिवरून आलं. मिटल्या डोळ्यांनीच तो म्हणाला, "बघा, मोजणीच्या एवढ्या धबडग्यातसुद्धा प्रधानजी कुरणाची राखण करतात. कधी झोपतात कोण जाणे!"

टिकलीनं कपाळावर खूर मारून घेतला आणि पुन्हा चरू लागली. संध्याकाळी तिला पान्हा फुटला. पाडस पोटभर प्यायलं.

आता ते चांगलं उंडारतं. दर सोमवारी दोघं कुरणात चरतात. जागा भरपूर असते, कारण बाकीचं जंगल बाहेर उपाशीपोटी डोळे मिटून उभं असतं. शिंग तर आता वाजवावंही लागत नाही.