शास्त्रीबुवांचा नकार

ही गोष्ट फार फार जुनी. इतकी, की त्या राज्याचं नाव विचाराल तर मी नुसतं डोकं खाजवीन. पण तिथली एक रीत ऐका. राजाचा हुकूम चावडीवर वाचला, की राजशास्त्र्यांनी उठून "हे न्याय्य आहे" असं म्हणायचं. तोवर हुकूम लागू नाही.

हे राजशास्त्री म्हणजे निरंजनशास्त्री. न्याय म्हणजे काय, राजाचा अधिकार कुठवर, यावर त्यांनी अर्धं आयुष्य घालवून ग्रंथ लिहिला होता. मूलबाळ नव्हतं. जीव होता तो त्या ग्रंथात.

एका वर्षी दुष्काळ पडला. शेजारच्या राज्यातली माणसं वेशीबाहेरच्या विहिरीवर येऊ लागली. राजाने हुकूम काढला, परक्याला पाण्याचा थेंब देईल त्याला फटके!

चावडीवर हुकूम वाचून झाला. शास्त्रीबुवा उठले. "हे न्याय्य नाही."

राजाचा पारा चढला. "इथे न्याय मी ठरवतो!"

"महाराज, जन्मल्याबरोबर तुम्ही रडलात आणि आईने पदराखाली घेतलं. तो हुकूम कोणाचा होता?"

"पुरे! राजाज्ञा हाच न्याय, एवढं ग्रंथात लिहा. नाहीतर आत्ता जाळतो."

शास्त्रीबुवांनी काखेतला ग्रंथ काढून राजापुढे ठेवला. ते ठामपणे म्हणाले, "जाळा. मी लिहिलं म्हणून ते खरं ठरलं नाही. खरं होतं म्हणून लिहिलं."

आणि राजाने खरंच जाळला हो! म्हातारा डोळेही न पुसता बघत राहिला. मग राजाने रीत धाब्यावर बसवून हुकूम लागू केला आणि विहिरीवर पहारा बसवला.

दुसऱ्या दिवशी तो शास्त्रीबुवांना म्हणाला, "चला, माझा हुकूम कसा चालतो ते दाखवतो."

जाऊन बघतात तर काय! पहारेकरीच परक्यांच्या घागरी भरत होते.

"त्या ग्रंथाने तुमचीही डोकी फिरवली काय रे?" राजा कडाडला.

पहाऱ्याचा नाईक म्हणाला, "कसला ग्रंथ, महाराज? आम्हाला वाचता कुठं येतं? लेकरं तहानेनं रडत होती, पाणी पाजलं. फटके मारायचे तर मारा." हातातला दोर मात्र त्याने सोडला नाही.

राजाची मान खाली गेली. हुकूम तिथेच मागे घेतला.

शास्त्रीबुवा घरी गेले, बोरू तासला आणि पहिल्या पानापासून पुन्हा लिहायला बसले.

तात्पर्य: न्याय राजाच्या हुकमाने जन्मत नाही, आणि त्याच्या हुकमाने मरतही नाही.