सटवा सनईवाला आणि धामणवेळचा वारा

फार वर्षं झाली. धामणवेळ गावात तेव्हा वीस-पंचवीस उंबरे होते आणि सनई वाजवणारा एकच माणूस होता. त्याचं नाव सटवा. त्यानं सनई तोंडाला लावली की म्हशी रवंथ थांबवायच्या आणि रडकी पोरं हुंदका अर्धाच सोडायची, असं म्हणतात.

सटवाचा धाकटा भाऊ लिंबा. सनईच्या जोडीला दुसरी एक सनई असते, तिच्यातून एकच सूर निघतो. म्हणून तिला नुसतं सूर म्हणतात. सूर धरणाऱ्यानं मध्ये श्वास तोडायचा नसतो. गाल फुगवून, नाकानं वारा ओढत धरून ठेवायचं. माणूस जसा जमिनीवर उभा असतो, तशी सनई त्या सुरावर उभी असते. लिंबा सूर धरायचा.

कुणाचं बारसं असो, लग्न असो, सटवाला बोलावणं यायचं. सुताराला पेरणीची पाभर जोडल्याचं धान्य मिळायचं, चांभाराला वहाणांचं मिळायचं. सटवाला मात्र म्हणायचे, तू तर घरचाच, आणि वारा देवाचा, त्याचं काय द्यायचं? कुणी म्हणायचं, लांबलांबचे पाहुणे येणार आहेत, पंचक्रोशीत नाव होईल तुझं. एकानं तर म्हैस व्यायली म्हणून वाजवायला नेलं आणि खरवसाची वाटीसुद्धा पुढं केली नाही. सटवा हसत जायचा. त्याला नाही म्हणताच यायचं नाही.

घरी आल्यावर लिंबा चुलीपाशी बडबडत बसायचा. एकदा त्यानं रिकाम्या मडक्यात पळी फिरवली आणि भावापुढं ताट ठेवलं.

"घे दादा, पंचक्रोशीतलं नाव शिजवलंय. मीठ बघ."

सटवा इतका हसला, की त्याला खोकला लागला, आणि तो खोकला काही थांबेना. लिंबाचं हसू गेलं. दादाची छाती आतून पोकळ झालीय, हे त्याला त्या दिवशी कळलं.

मग एका साली फाल्गुनात वारा पडला. ज्वारी मळून खळ्यावर पडली होती. ती उपणायला वारा हवा. पाटीतून वरून सोडली, की भूस उडून जातं आणि दाणा खाली पडतो. पण आठ दिवस झाडाचं पान हललं नाही, आणि डोंगरामागं अवकाळीचे ढग साचायला लागले. ज्वारी भिजली असती तर गावाची वर्षाची भाकरी गेली असती.

गाव सटवाकडं आलं. तुझ्या सनईला वारा येतो, तू वाजव, म्हणालं. लिंबा आडवा आला. आधी घरटी पायलीभर धान्य आणा, दादाला चार दिवस पोटभर खाऊ द्या, मग वाजवील, असं त्यानं सांगितलं. लोक म्हणाले, रास घरी येऊ दे, मग बघू. ते दरवेळी असंच म्हणायचे.

"लिंबा, ढग बघ," सटवा म्हणाला. "सूर धर."

"नाही धरणार. आणि माझ्याशिवाय तू वाजवणार नाहीस, मला ठाऊक आहे."

सूर कमरेला खोचून लिंबा तरातरा नदीकडं चालता झाला. भाऊ वाचेल म्हणून गेला. तिथंच तो चुकला.

सटवा खळ्यावर एकटाच बसला आणि वाजवायला लागला. सूर धरायला कुणी नव्हतं, म्हणून दोघांचा श्वास तो एकटाच घालत होता. दुपारी पिंपळाचं एक पान हललं. नदीवर लिंबाच्या मानेला गार झुळूक लागली. तो उठला आणि पळत सुटला.

तो पोचला तेव्हा भुसाचा पिवळा लोट आभाळाला भिडला होता आणि खाली दाण्यांची रास पडली होती. सटवाची बोटं थांबली होती, छाती थांबली होती, आणि सनई वाजत होती, असं म्हणतात.

लिंबानं सूर तोंडाला लावला आणि भावाला खेटून बसला. तीन दिवस त्यानं श्वास तोडला नाही. तीन दिवस वारा पडला नाही, ढग डोंगराच्या अलीकडं आले नाहीत, आणि गावात कुणाच्या घशाखाली घास उतरला नाही. घराघरातून लोक पाट्या भरभरून आले आणि दोघांभोवती ज्वारी ओतत राहिले. ती लिंबाच्या छातीला लागली, तरी तो थांबेना. शेवटी गिरजा म्हातारी पुढं आली. तिच्या सहाही पोरांच्या लग्नात सटवानं काही न घेता वाजवलं होतं.

"ठेव बाबा आता," ती म्हणाली. "देवाचं नाव सांगून आम्ही त्याला राबवला. आम्हीच."

लिंबानं सूर खाली ठेवला. भोवतीच्या ज्वारीकडं बघितलं.

"दादाला भाकरी फार आवडायची," एवढंच तो म्हणाला.

धामणवेळात आजही वाजवणारा येवो, भिंत रंगवणारा येवो, नाहीतर गाणारी बाई येवो, आधी जेवायला वाढतात, पुढं धान्याची पायली ठेवतात आणि मगच काम सांगतात. तिला सटवाची पायली म्हणतात. आता मळणीचं यंत्र आलंय, वाऱ्यावर कुणी उपणत नाही. तरी फाल्गुनात एका दुपारी सगळं गाव जुन्या खळ्यावर जमतं. त्या दिवशी सनई वाजत नाही, नुसता सूर वाजतो. ज्याला भाऊ आहे, त्यानं त्या वेळी भावाशेजारी जाऊन उभं राहायचं. बांधावरून वैर असलं तरी, वर्षानुवर्षं बोलणं बंद असलं तरी. आणि सूर थांबेपर्यंत जागचं हलायचं नाही.