पळसाच्या पानांचा वैद्य

पूर्वी कुंभवती नगरात भद्रसेन राजाचे राज्य असताना बोधिसत्त्व एका वैद्याच्या घरी जन्मला. नाव जीवदत्त.

राजा मनाने मोठा. प्रजेला औषध फुकट मिळावे म्हणून त्याने नेम घालून दिला: वैद्याने पुडी पळसाच्या पानात द्यावी, रोग्याने रिकामे पान वैद्याकडे परत द्यावे, आणि राजाच्या कोठारातून वैद्याला पानामागे मापटेभर भात मिळावा. हेतू चांगलाच होता. पण वर्षाच्या आत नगरात उचकीलाही पाच पुड्या मिळू लागल्या. लोकही खूश. ओंजळभर पुड्या मिळाल्या की त्यांना वाटे, वैद्याने आपल्याकडे लक्ष दिले.

जीवदत्त नाडी बघे, झोप कशी लागते विचारी आणि बहुतेकांना सांगे, "औषध नको. चार दिवस पेज प्या." लोक चिडत. रिकाम्या हाताने परत पाठवतो तो कसला वैद्य? हळूहळू त्याच्या ओसरीवर कुणी फिरकेना. बायको माहेरी गेली ती गेलीच. तो रोज सकाळी चटई अंथरी आणि संध्याकाळी, कुणी बसलेले नसतानाही, झटकून ठेवी.

कोठारी एकदा हसून म्हणाला, "वैद्यबुवा, दारात एवढा पळस आहे. त्याचीच पानं आणा की. मी काय वास घेऊन बघतो?"

घरात दोन दिवस चूल नव्हती. जीवदत्त पळसाखाली बराच वेळ उभा राहिला. मग त्याने गळलेली पाने झाडून खड्ड्यात लोटली.

दुसऱ्या दिवशी रोहिणी नावाची म्हातारी कुंभारीण भिंत धरधरून आली.

"इथं रांग नाही म्हणून आले," ती म्हणाली. "तुझा गुण येतो म्हणून नाही."

"बसा आजी. काय काय घेता?"

गुडघ्यासाठी तीन पुड्या. त्यांनी पोटात आग पडली, तिच्यासाठी चार. त्यांनी झोप उडाली, तिच्यासाठी पाच. आता तिला उभे राहवत नव्हते.

जीवदत्ताने बाराही पुड्या बंद केल्या. दहा दिवस तो तिच्या झोपडीत जाऊन बसला, पेज पाजली, गुडघा शेकला. अकराव्या दिवशी म्हातारी चालत कोठारावर गेली. राजा तिथे पाहणीला आला होता.

"जीवदत्ताचा भात द्या."

"पानं किती?" कोठाऱ्याने विचारले.

"एकही नाही. म्हणून तर पायांनी आले."

राजाने जीवदत्ताला बोलावले. "मग तुला कोणत्या मापाने द्यावं?"

"महाराज, ज्या दिवशी कुणालाच औषध लागलं नाही, त्या दिवशीही वैद्याची चूल पेटावी."

"आळशी वैद्यही फुकट जेवतील."

"जेवतील काही. आपण पानं मोजू नका, अशा आजींना विचारत चला."

राजाने तसे केले. सगळ्या वैद्यांना सारखा भात मिळू लागला, पुड्या ओसरल्या. पण लोक जीवदत्तावर रुसलेलेच राहिले. पुड्या त्याच्यामुळे गेल्या ना. एक रोहिणी तेवढी रोज येई, काही दुखत नसतानाही, आणि चटईवर बसे. ती गेल्यावर तो चटई झटकी. आता तिच्यातून थोडी माती पडे.

भिक्षूंच्या सभेत ही गोष्ट शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, सांगितली. मग म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा तो आजचा भिक्षू आनंद. रोहिणी ती, जी तिकडे शेवटच्या रांगेत बसली आहे आणि जिचे नाव तुमच्यापैकी कुणी विचारले नाही. पळसाखाली उभा होता तो मी. बरोबर कुणी नसताना आपला निश्चय न सोडणे, याला अधिष्ठान पारमिता म्हणतात."