राक्षसाच्या रांगा आणि राणीचं बाळ

तर एकदा काय झालं, केवडानगरच्या वेशीत एक राक्षस येऊन बसला. डोंगराएवढा, बरं का! त्याला पाहून धवलसेन राजाची बोबडीच वळली.

राक्षस गरजला, "राजा, उद्या सगळ्या गावाच्या सारख्या रांगा लावीन. त्यातली एक रांग खाईन. एकेका माणसाची रांग नको, तेवढ्यानं माझं पोट भरत नाही. सगळ्यांची मिळून एकच रांगही नको, मग परवा काय खाऊ?"

पण त्याला एक शाप होता हं. रांगा चुकल्या, की दर चुकीला तो आकसायचा.

राजानं माणसं मोजली. राजाराणी धरून एक हजार आठ! दोन रांगा केल्या, सारख्या. तीन केल्या, सारख्या. सात केल्या, तरी सारख्या! राजा मटकन खालीच बसला.

मग पहाटे काय झालं, कमलजा राणीला मुलगी झाली. राणीला बाजेसकट रांगेत आणलं. बाळाला घेऊन तान्हूबाई सुईण शेजारी उभी राहिली.

राक्षसानं दोन रांगा लावल्या. बाळ उरलं. तीन लावल्या. पुन्हा बाळच उरलं. सात लावल्या. तेच! राक्षसाचे डोळे पांढरे झाले. डोंगराएवढा होता, तो बैलाएवढा झाला की!

राजा चक्रावला. "अगं, हे झालं तरी काय?"

राणी म्हणाली, "अहो, आपण एक हजार नऊ झालो! या आकड्याचे सारखे वाटे होतच नाहीत. त्याला एकतीस रांगांपर्यंत जाऊ द्या. बत्तीस किंवा जास्त केल्या तर रांगेत एकतीस किंवा कमीच माणसं बसतील, आणि आडव्या मोजल्या तर तेवढ्या रांगा करून झालेल्याच असतील. मग संपलंच!"

एवढं बोलली आणि राणी किंचाळली. तान्हूबाईनं तिच्या पोटावर हात ठेवला. तिचा चेहराच उतरला.

"महाराज, घात झाला! आणखी एक आहे पोटात!"

अगं बाई! राजाच्या पायाखालची जमीन सरकली. एक हजार दहा झाले, की दोन रांगा बरोब्बर लागणार! आणि राक्षस अजून तेरावरच होता.

राणीनं पदर दातात धरला. बाजेची कड घट्ट पकडली. मग सतरा रांगा झाल्या. राक्षस मांजराएवढा. मग तेवीस झाल्या. राक्षस उंदराएवढा. मग एकतीस! राक्षस डाळीच्या दाण्याएवढा. आणि त्याच क्षणी, ट्यांहां!

"आता दोन रांगा करा!" राक्षस चिरकला.

तेवढ्यात कुठून एक कोंबडी आली आणि तिनं त्याला टिपकन गिळलं.

सगळं गाव तोंडात बोट घालून बघतच राहिलं. मग तान्हूबाईनं दुसरीही लेक राजाच्या मांडीवर ठेवली, तेव्हा कुठे तो हसला. पुढं राजाराणी, दोन्ही लेकी आणि अख्खं गाव सुखानं राहिलं.

झालं. घ्या आता पांघरुणं, आणि मिटा बघू डोळे.