बाळंतिणीच्या खोलीवर पहारा

नदीवर आंघोळ करताना शिपाई गेनूने पलटणीच्या पिकरिंग साहेबांना सलाम केला नाही, म्हणून त्याला आठवडाभर जादा कवायत मिळाली. नियमच होता: शिपाई कुठेही असो, चोवीस तास कामावरच.

पुढे गेनूने बायकोच्या बाळंतपणासाठी रजा मागितली. घरी दुसरे कोणी नव्हते. साहेबांनी तोच नियम दाखवला. "चोवीस तास काम! मग रजा कुठली?"

दिवस भरलेली त्याची बायको साळू स्वतःच कचेरीत आली.

"बाईमाणसानं इथं बोलू नये," म्हातारे जमादार म्हणाले.

ती बोलली. "साहेब, रजा देऊच नका. कुठंही असले तरी ते कामावरच, तर माझ्या उशाशी बसले तरी कामावरच की!"

साहेबांनी नियम दोनदा वाचला.

जमादारांना नोंदवहीत लिहावे लागले: शिपाई गेनू, बाळंतिणीच्या खोलीवर पहारा. दुपारी एक मुलगी दाखल.