कळा थांबल्या तेव्हा

भक्तहो, डोंगरमाथ्यावरच्या करंजवणे गावी खापरनाथ महाराजांचा मुक्काम असताना तिथली मांजरंसुद्धा एकादशी धरीत, मग माणसांचं काय सांगावं! मठ झाडणारी ठकूबाई तर महाराजांना विचारल्याशिवाय चूल पेटवत नसे.

तिची लेक चांगुणा गावातच दिलेली. जावई पलटणीत, घरात मोठं माणूस म्हणजे सासरा रानोजी तेवढा. पहिल्या खेपेला चांगुणेचं पोट चिरून मूल काढलेलं. आता पुन्हा कळा सुरू झाल्या.

"तालुक्याला न्या हो, व्याही!" ठकूबाईनं हात जोडले.

"शेलारांच्या सुना घरातच बाळंत होतात. तुम्ही जा, बुवाचा मठ झाडा!" रानोजी हसला.

दुपारी कळा एकाएकी थांबल्या.

"बघा विहीणबाई, माझ्या काढ्यानं आराम पडला! सांगा तुमच्या बुवाला!"

ठकूबाई हरखून मठात धावली. "महाराज, लेकीच्या कळा थांबल्या!"

महाराजांनी हातातला घास खाली ठेवला. "मूल झालं?"

"नाही."

"मग हसतेस काय, वेडे? गर्भाची पिशवी फाटली तिची! चल!"

चांगुणा पांढरीफटक, घामानं थबथबलेली. ठकूबाई धावत तिच्या उशाशी बसली.

"गाव जत्रेला गेलंय," रानोजी चाचरला. "बाज उचलायला चौघं कुठून आणू?"

महाराज म्हणाले, "नाथांचं नाव घ्या अन् हात लावा!"

आणि काय सांगावं भक्तहो! बाज पिसासारखी उठली आणि घाट उतरू लागली! पुढे बाज, मागे तिला लोंबकळणारी तिघं! पहिल्याच वळणावर रानोजीच्या वहाणा राहिल्या, दुसऱ्यावर फेटा करवंदीच्या जाळीत गेला. "सोडू नका, व्याही!" ठकूबाई ओरडत होती. बाजेवरच्या तांब्यातला थेंब म्हणून सांडला नाही!

दवाखान्यात डॉक्टरीणबाई बराच वेळ झगडल्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "पिशवी जुन्या टाक्यांवर उसवली होती, काढावी लागली. जरा उशीर झाला असता तर बाई हाती लागली नसती. नात रडतेय, ऐका! पण हिला आता मूल होणार नाही. रक्त फार गेलंय. कित्येक महिने जड उचलायचं नाही."

रानोजी धाडकन महाराजांच्या पायांवर आला. महाराजांनी पाय आखडून घेतले.

"इथं कशाला? जिनं सकाळी हात जोडले होते, तिच्याकडे जा."

बोडक्या डोक्यानं, अनवाणी रानोजी विहिणीपुढे वाकला.

"उठा, व्याही," ठकूबाई डोळे पुसत म्हणाली. "आता घरात पाणी कोण भरणार, तेवढं बोला."

"मीच भरीन, विहीणबाई!" म्हणत त्यानं पुन्हा डोकं टेकलं.